यार्डात पडलेला नफा

३१ मार्च
स्टॉक मोजला. पंपाच्या हाउसिंगनी, बाहेरच्या ओतीव कवचांनी, यार्ड भरलंय, पाय ठेवायला जागा न्हाय. दोन महिने डबल पाळी. विज्या म्हणालता, "मोठी ऑर्डर येतीय मर्दा, भट्टी थांबवू नको." फौंड्री मी बघतो, हापिस तो. शाळेपासूनची दोस्ती, पंधरा वर्षांची भागी. यार्डातल्या नगाची किंमत नेहमीच्याच रीतीनं धरली: लोखंड, मजुरी, वर शेडचं भाडं, हापिसचे पगार वाटून. नग जास्त, म्हणून नगामागं खर्च कमी. नफा कधी न्हवं एवढा!

१४ एप्रिल
विज्या भागी सोडतोय. पोराकडं, पुण्याला. "माझा हिस्सा तूच घे. यंदाच्या नफ्यावर किंमत करू. परक्याला कशाला?" डोळ्यांत पाणी त्याच्या. माझ्या पण.

६ मे
सही झाली. बायकोच्या, सुमनच्या नावचा प्लॉट विकून पैसे दिले. कागद तिनंच कपाटातनं काढून दिले. विज्या आणि मी जोतिबाला जाऊन आलो, त्याच्याच गाडीनं.

२ जून
एक नग हलला न्हाय. ऑडिटच्या मॅडमना विचारलं. "नियमानं बरोबर आहे. पण भाडं-पगाराचा वाटा त्या नगांवर बसलाय, गेल्या वर्षीच्या नफ्यातून गेलाच नाही. माल विकला तर ठीक. नाही तर तो सगळा खर्च आता तुमच्या एकट्याच्या अंगावर." घरी सांगितलं न्हाय.

३ जून
पंपवाल्यांना फोन. परचेसचा माणूस म्हणतो, "ते मॉडेल जानेवारीतच बंद केलं की! विजयरावांना तवाच सांगितलंतं."
जानेवारीत. आणि मी फेब्रुवारी-मार्च भट्टीपाशी घाम गाळत... हा रोज येऊन पाठ थोपटायचा. हलकट. दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

४ जून
विज्याला फोन. "आकडे तूबी बघितलेस की. येव्हार हाय रे." लई शिव्या दिल्या. ऐकून घेतल्या त्यानं. जेवलो न्हाय.

११ जून
हेडमोल्डर महादू विचारतोय, माल फोडून परत भट्टीत घालू का? घातला तर लोखंडाचेच पैसे सुटतील. ठेवला तर कागदावर अजून नफा दिसतोय. थांब म्हणालो.

१५ जून
सुमनचा भाऊ संजय आलता. नोकरी सोडल्याचे पैसे आलेत. "दाजी, मला घ्या की भागीत." मार्चचा ताळेबंद मागितला. दिला.
"आयला, नफा झकास हाय की! यार्डातला माल जाणार न्हवं?"
सुमन चहा घेऊन आली. प्लॉट गेल्यापासून आज पहिल्यांदा हसत होती.
"बघ, तूच वाच नीट," एवढंच बोललो.