दोन घरं, एक ताट

२५ ऑक्टो., शनिवार
डॉ.कडे जाऊन आले. शुगर उतरली नाहीच, उलट वाढली. दिवाळीत काय काय खाल्लं विचारलं. काय सांगू? अनारसे, चकल्या, पुन्हा अनारसे. म्हणाले, आता नाही सांभाळलं तर डोळ्यांवर जाईल. ३ तारखेला, सोमवारी, परत रक्त.
दुकानात आले तर सुईत दोरा जाईना. दिवाळीआधीचे ब्लाउज अजून पडलेत. शिलाईवरच घर चालतं, आणि डोळेच गेले तर...
आणि पुढच्या शनिवारी माहेरची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. म्हणजे गावभर पाहुणे, चुलीचुलीवर रस्सा, आणि नको म्हणणारा पाहुणा वैरी.

२७ ऑक्टो., सोमवार
निमंत्रणाचे दोन फोन. मोठा भाऊ आणि धाकटा सुरेश वेगळे झाल्यापासून सगळंच दोनदा. तलावाच्या मासोळीच्या वाट्यावरून भांडले, अंगणात मधोमध बांबूचं कुंपण घातलं, बोलणं बंद. आता माझ्या पोटावरून मापं काढतात. एकाकडे किती वडे खाल्ले ते दुसऱ्याला कुंपणातून दिसतं. गेल्या मंडईला दोन्हीकडे पोटभर जेवले आणि घरी येऊन आडवी झाले.
भाऊला सांगितलं, यंदा अर्धंच जेवीन, शुगर आहे.
"एका दिवसानं काई होत नाई वनू. मंडई का रोज येते?"
याच्या एका दिवसाला हात जोडले.

२८ ऑक्टो., मंगळवार
सु.ची बायको लता फोनवर. "तिकडं पोटभर जेवता न बाई, आमच्या इथी आल्यावरच डॉक्टर आठवते काऊन तुमाले?"
इतकी चिडले की बाही उलटी जोडली. दुपारभर उसवत बसले.
हे म्हणतात, "जाऊच नको मंग." यांना काय, सोपं आहे. नाही गेले तर भाऊ म्हणेल सु.नं अडवलं, सु. म्हणेल भाऊनं. दोन्ही घरांत पाय ठेवणारी मी एकटीच उरलेय. तेही थांबलं की संपलंच. मला ते होऊ द्यायचं नाही. पण त्यासाठी डोळे द्यायचे?

३० ऑक्टो., गुरुवार
सुचलं! एकच ताट. दोघांना एकच निरोप दिला: कोणाच्याच घरात जेवणार नाही. अंगणात मधोमध बसेन, एकदाच जेवेन. दोघांनी त्याच ताटात थोडं थोडं वाढायचं.
भाऊ भडकला. "पाहुनीनं अंगनात जेवलं त गाव माह्या तोंडावर थुंकते!"
सु. पण तेच बोलला, जवळजवळ शब्दाला शब्द. वेगळे झाल्यापासून एवढं एकमत पहिल्यांदाच.

१ नोव्हें., शनिवार
मंडई. घरून आपलं ताट पिशवीत घालून नेलं. माहेरच्या अंगणात पोचले आणि कपाळावर हात मारला. मधोमध बसते म्हटलं, पण मधोमध तर कुंपण! इकडे बसले तर भाऊची, तिकडे बसले तर सु.ची. हेच कुंपण वर्षभर मला खुपतंय, आणि बसायची जागा ठरवताना तेच विसरले.
परत फिरणं काही जमलं नसतं. कुंपण संपतं तिथं, बाहेर रस्त्यावरच चटई टाकली. सगळा गाव बाजारात चाललेला. एक म्हातारी थांबलीच. "काऊन वो, भावाईनं घरात नाई घेतलं का तुले?"
दोघं धावत आले. भाऊ मासोळीचा रस्सा घेऊन, सु. कोंबडीचा. भाऊनं दोन वडे टाकले, सु.नं तीन. भाऊनं आणखी दोन. वर लताकडचे अनारसे. एका ताटासाठी एवढं केलं, आणि दोन्ही घरचं जेवण एकावर एक!
मग ओरडलेच. "मले आंधळी कराची हाय का तुमाले? मंग सुईत दोरा कोन ओवन?"
रडायला पण आलं. भर रस्त्यात. भाऊला आजवर कधी उलटून बोलले नव्हते.
माझ्यापुरतं एका बाजूला काढलं, ताट पुढे सरकवलं. "आता बाकी तुमी संपवा. इथीच बसून."
मंडईच्या दिवशी वाढलेलं ताट कोणी टाकत नाही. भाऊला ते कळत होतं, सु.लाही.
भाऊ बसला. सु.च्या घरची कोंबडी उचलून खाल्ली. खाली मान घालून. सु. पळी हातात घेऊन उभा. बसला नाही, गेलाही नाही.
मी खाल्लं: दोन वडे, मासोळीचा एक तुकडा, कोंबडीचा एक. अनारसा नाही. इतकी उपाशी नि इतकी थकलेली मंडईहून कधी परतले नव्हते.

२ नोव्हें., रविवार
उद्या रक्त. धाकधूक आहे.
दुपारी सु.चा फोन. "बाई, भाऊ काई म्हने का? कोंबडी कशी लागली म्हनून?"
"त्यालेच विचार ना."
मग हळूच, "तूच विचारून सांगजो न वो."
म्हणजे माझं पोट सोडलं, आता निरोपासाठी जीभ धरली. ठेवला फोन.
ब्लाउजला हुक लावायला बसले. दोरा तिसऱ्या खेपेला गेला. आणि परत फोन, आता भाऊचा. वाजतोय. वाजू दे. कुंपणापलीकडे हाक मारायला फोन कशाला लागतो?