ग्लोव्ह कुणी शिवला

आबा, मी कॅचर झालो ते तुम्हाला कधीच पटलं नाही. शिवाजी पेठेतली सगळी पोरं फुटबॉलमागं, आणि तुमचा मुलगा शाळेच्या मैदानावर बॅटवाल्याच्या पाठीमागं उकिडवा बसून बेसबॉलचा चेंडू झेलायचा. "बसूनच ऱ्हायचं तर हितं बस की माझ्याजवळ, चपला तरी शिवशील!" असं तुम्ही गिऱ्हाइकांसमोर ओरडला होतात. मी आठवडाभर बोललो नाही. मग एका रविवारी तुम्ही माझा पंजा कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिलीनं रेघ मारलीत, शाळेचा फाटका ग्लोव्ह उसवून बघितलात, रापीनं म्हशीचं कातडं कापलंत आणि दोन दिवस चपला बाजूला सारून शिवत बसलात. आई म्हणाली, "खुळं झालायसा काय?" तुम्ही म्हणालात, "बोट मोडलं तर कोण बघणार हाय?"

त्याच ग्लोव्हवर मी कॉलेज खेळलो, राज्याच्या संघात गेलो, आणि विसाव्या वर्षी पुण्याच्या शिबिरात पोचलो. शिकवायला तैवानचा एक माणूस आला होता. तिकडं त्या खेळावर पोट भरतं, आबा. हा चौदा वर्षं पगारी कॅचर होता. गुडघे गेले तशी संघानं त्याला काढलं. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिलेली.

पाचव्या दिवशी तो माझा ग्लोव्ह हातात घेतो, वास घेतो, टाक्यांवरून अंगठा फिरवतो. दुभाष्या म्हणतो, "कुणी शिवलाय, विचारतायत. असं हातकाम फार वर्षांनी बघितलं म्हणतात." भोवती पुण्या-मुंबईची पोरं उभी आहेत, सगळ्यांचे ग्लोव्ह परदेशी. "बाजारातनं घेतला," मी म्हणतो. वडील काय करतात, दुभाष्या पुढं विचारतो. "शेती." तो मान हलवतो आणि सहज सांगतो की त्याचे वडील मासे विकायचे, त्याच्या पहिल्या सामन्याला ते त्याच वासाच्या कपड्यांत आले होते.

शिबिर संपवून जाताना तो म्हणाला, "हात चांगला आहे. पण आमच्याकडं पोरं नवव्या वर्षी बसायला लागतात. तुला उशीर झाला."

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "टाकं सुटलं न्हाईत न्हवं? काय म्हणालं ते लोक?"

"न्हाय सुटलं," मी म्हणालो. ते काय म्हणाले ते सांगितलं असतं तर त्या हातकामाची गोष्टही सांगावी लागली असती, आणि मी काय उत्तर दिलं तेही. तुम्ही आरी उचललीत आणि पुढची चप्पल शिवायला घेतलीत.

खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल म्हणून मी आणखी पाच वर्षं खेळलो. लागली नाही. तुम्ही गेलात, तेराव्यानंतर मी दुकान उघडलं आणि तुमच्या जागेवर बसायला गेलो. गुडघे दुमडेनात. उशी घेतली, पाट घेतला, भिंतीला टेकून बघितलं. सहा महिन्यांत दुकान देऊन टाकलं. आता उचगावात चपलांच्या गोदामात आहे, मशीनवर शिवलेले जोड खोक्यांत भरतो. उभ्यानं जमतं.

माफी मागायची म्हणून आज लिहायला बसलो. पण कालच गोदामाच्या नव्या मालकानं विचारलं, "वडील काय करत हुतं रं?"

"धंदा हुता," मी म्हणालो. कसला ते त्यानं विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं.