दुखणं माझं, तोंड त्याचं

३ मार्च

दुखतंय माझं आणि बोलतोय नवरा! दवाखान्यातल्या खुर्चीला पाठ टेकायच्या आत त्याने सांगून टाकलं – हिला पित्ताचा त्रास आहे, चहा फार पिते. डॉक्टरांनी मान डोलावली. मी म्हणायला गेले, पित्त नाही, जिना चढताना जबडा दुखतो – तर डॉक्टर त्याच्याकडेच बघून विचारतायत, यांची जेवणं वेळेवर होतात का? जशी मी पाळलेली मांजर!

पित्ताच्या गोळ्या मिळाल्या.

७ मार्च

गोळ्या चालू. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचेतो जबड्यात तीच कळ. कठडा धरून थांबले की जाते.

१२ मार्च

परत गेलो. फरक नाही, एवढंच मी म्हणाले, तोवर नवरा मध्ये – "ती फार विचार करते हो." झालं! डॉक्टरांचा चेहरा उजळला. टेन्शन घेऊ नका म्हणाले. आता पित्ताच्या जोडीला झोपेची गोळी.

मी दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो. पण समोर खड्डा दिसल्याशिवाय मी तो दाबत नाही. हे दोघं माझं पहिलं वाक्य संपायच्या आत दाबतात.

घरी पोचल्यावर चपला कोपऱ्यात भिरकावल्या. काय झालं म्हणून विचारतो. पित्त, म्हटलं.

१३ मार्च

चढावर गाडी बंद पडली. शिकणाऱ्या बाई आणि मी ढकलायला उतरलो. कळ जबड्यातून डाव्या हातात उतरली, दरदरून घाम. बाई घाबरल्या, मीही. रिक्षा करून थेट दवाखान्यात गेले. एकटी.

बसले आणि सांगितलं, "आज माझं पुरतं ऐका, मग लिहा. जिना चढले, जोर लावला की दुखतं. थांबले की थांबतं. जेवणाशी संबंध नाही. पित्त नसेल तर दुसरं काय असू शकतं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मिस्टरांनी पित्त म्हटलं आणि मी तिथेच थांबलो. पुढे विचारच केला नाही. चुकलं माझं."

लगेच ईसीजी काढला. ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. एवढं चुकलं म्हणाले, तर माझा राग जायला हवा होता. नाही गेला. इतकं सोपं होतं, मग आधी का नाही विचारलं?

१८ मार्च

हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट घातला. वेळेत आलात म्हणे. वेळेत!

घरी आल्या आल्या नवऱ्यावर तोंड सोडलं. माझी जीभ काय झडली होती? तुला वकीलपत्र कुणी दिलं होतं? तो उठून कुकर लावायला गेला. त्याचाही राग आला. मला भांडण हवं होतं.

२० मार्च

चहाचा कप हातात घेऊन दारात उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "येशील माझ्याबरोबर दवाखान्यात? मला सांगायला जमणार नाही."

लघवीतून रक्त जातंय त्याला. बरेच महिने. माझ्या पित्ताबद्दल बडबडत त्या खुर्चीत बसला होता, तेव्हाही.

येते म्हटलं.