नव्या टेबलावर पहिली

प्रिय ताई,

दोन खोल्यांत स्टोव्हवर सुया उकळायचो, तेव्हापासून मी या दवाखान्यात नर्स आहे. आता चाळीस खाटा झाल्या. उद्या सकाळी नव्या थिएटरात पहिलं ऑपरेशन आहे आणि ते माझंच आहे. पोटात गाठ निघाली.

तीस वर्षं लोकांना "काही होत नाही हो" म्हणत आले. आज तेच मला कुणीतरी म्हणावं असं वाटतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, शहरात जायचं असेल तर चिठ्ठी देते."

"मीच पळाले तर गावातलं कोण झोपेल या टेबलावर?" बोलले खरी, पण लगेच तुला लिहायला बसले.

हे पत्र मी टाकणार नाही. मिळालं तर तू गाडी घेऊन येशील आणि मी मुकाट्याने बसेन.

तुझी भित्री,
धाकटी