डोंगर येताना

बाबा,

घरी येऊन तीन दिवस झाले, तरी ओट्यापाशी उभी राहिले की पायाखाली गाडी हलल्यासारखी वाटते. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलंय. या वयात आठ दिवस रेल्वेने डोंगर आणि शहरं पालथी घालायची हौस मला मुळीच नव्हती. हौस मैत्रिणीची. ती रत्नागिरीची, तुम्ही गेल्यावर ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये भेटली, त्यामुळे तुम्ही तिला पाहिलेलं नाही. सगळा जन्म समुद्रापाशी काढला आणि आता तिला सातपुडा बघायचा होता, तोही रेल्वेच्या खिडकीतून. "तुझ्या गावावरून गाडी जाते, मग तूच ने," म्हणाली. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. सुट्टीचा अर्ज टाकला, साहेबांनी मान वर न करता सही केली. दोन मिनिटांचं काम.

नागपूरहून भोपाळ, मग पिपरिया, तिथून पचमढी, पुढे जबलपूर आणि बालाघाट-गोंदियावरून परत. भोपाळचा तलाव बघून ती म्हणाली, छान आहे, पण खारा वास नाही. पचमढीत प्रत्येक पॉइंटवर तिला आणखी एक पॉइंट बघायचा असायचा आणि मी आपली जीपमध्ये गुडघे चोळत बसलेली. जबलपूरचे संगमरवरी कडे बघेपर्यंत मला पांढरा दगड आणि पांढरी चादर यातला फरक कळेनासा झाला होता. थकून गेले, बाबा. पण ज्याच्यासाठी कागद घेऊन बसले ते पहिल्याच दिवशी सकाळी झालं, बैतूल मागे पडल्यावर.

तुम्ही मालगाडीचे गार्ड. आमच्या लहानपणी अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्ही कोणत्या वेळी येणार आणि जाणार याचा काही भरवसा नसायचा. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकऱ्या थापते आहे, झुणका डब्यात भरते आहे, आणि तुम्ही दारात लोखंडी पेटी उघडून बघता आहात: दिवा, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, लाल झेंडी, हिरवी झेंडी. कोराडीच्या वीजकेंद्राला कोळसा पोचवून आलात की कान धुतलेलं पाणीसुद्धा काळं निघायचं. एकदा मी ती हिरवी झेंडी घेऊन अंगणात नाचत होते. तुम्ही हातातून काढून घेतली. मारलं नाही, पण असे बोललात की मारलं असतं तर बरं.

"खेळाची चीज नाही हे. हिरवी दाखवली म्हणजे मी पाहलं, सब ठीक हाय, असं सांगणं असते. पाहल्याबिगर दाखवाची नाही. समजलं काय वं?"

आठ-नऊ वर्षांची होते मी. समजलं म्हणाले.

तुमचा डबा गाडीच्या शेवटी. सगळी गाडी पुढे, तुम्ही मागे एकटे, आणि लक्ष मागे सरत जाणाऱ्या रुळांवर. घाटातले बोगदे, झाडं, दऱ्या, सगळं तुम्ही निघून जाताना पाहिलं. हे मला लहानपणी कधी सुचलं नाही. मला वाटायचं, आमच्या बाबांना फुकटात रोज डोंगर बघायला मिळतात. हे तुम्ही स्वतः सांगितलं ते रिटायर झाल्यावर कितीतरी वर्षांनी, आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. माझ्या घरी कूलरसमोर बसला होतात. खिशातून घडी घातलेला पास काढलात. पेन्शनरांना मिळतो तो, सोबत एकाला नेता येतं.

"पास काढून आणला. चाल ना, इटारसीपर्यंत जाऊन येऊ. दिवसाच्या गाडीनं. मले खिडकी पाह्यजे, इंजिनाकडे तोंड करून."

"बाबा, अख्खी जिंदगी तेच तर पाहिलं तुम्ही."

"जाताना पाहले वं. डोंगर येताना कसे दिसतेत, एक डाव पाहाचे हायेत."

मी कणीक मळत होते. सुट्टीचं बघते म्हणाले. चार दिवसांनी तुम्ही फोन केलात, "काय म्हणते तुझा साहेब?" मी म्हटलं, नाही म्हणाले, मार्चची कामं अजून तुंबून आहेत. आणि तुम्ही एका शब्दानेही वाद घातला नाही. सख्ख्या भावाच्या लग्नाला सुट्टी मिळाली नाही म्हणून अक्षता चुकलेला माणूस. सुट्टी नाकारली म्हणजे नाकारली, त्यावर प्रश्न नसतो, असं तुम्ही तीस वर्षं जगलात. उलट माझीच समजूत काढलीत. "राहू दे. ड्युटी पहिले. पासाले पाच महिने हायेत अजून." पाच महिने संपले, पास संपला. थंडीत तुम्ही गेलात. तो पास मला तुमच्या कपाटात कागदाखाली सापडला, घडी न मोडलेला.

तर बैतूलच्या पुढे. मैत्रिणीला इंजिनाकडे तोंड असलेली खिडकी दिली होती आणि मी समोर उलटी बसले होते. मला बरं वाटत होतं तसं. बोगद्याचं तोंड लहान होत जायचं, झाडं दूर व्हायची, आणि तुमच्या डब्यातून हेच दिसत असणार असं वाटून मी काचेला कपाळ टेकून बघत राहिले होते. तिला ते कळलं असावं. मरामझिरी स्टेशन गेल्यावर ती उठली आणि म्हणाली, "चल, जागा बदल. मी काय सगळे डोंगर एकटी खाणार आहे?"

बसले. डोंगर येतो तेव्हा आधी निळा असतो, मग हिरवा, मग त्यावरचं सागाचं एकेक पान दिसायला लागतं आणि तो इतका मोठा होतो की खिडकीत मावत नाही. बस, एवढंच, बाबा. एवढंच तुम्हाला बघायचं होतं. नागपूरहून चार तासही लागत नाहीत.

मला रडू आलं. भर डब्यात, माझ्या वयाच्या बाईला. मैत्रिणीने पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून मालगाडी चढत आली, रिकाम्या वॅगनी, एकामागे एक, संपता संपेना. शेवटच्या डब्यात गार्ड उभा होता. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्याने आमच्या गाडीकडे बघून हिरवी झेंडी धरली. माझा हात आपोआप वर गेला आणि मी तो खाली घेतला.

"तुझे बाबा याच लायनीवर होते ना?" ती म्हणाली. "तुला घेऊन आले असतील ना कधी?"

"त्यांना यायचं होतं माझ्यासोबत," मी म्हटलं. "सुट्टीच मिळाली नाही मला."

ती हळहळली. तुमच्यासारखीच, लगेच विश्वास ठेवून. घोडाडोंगरी स्टेशन येईपर्यंत माझा हात धरून बसली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे लिहिता येतं. त्या उन्हाळ्यात मी दमलेली होते, हे खरं. तुमच्यासोबत बसायचं म्हणजे दर स्टेशनाला सिग्नल, लूप लाईन, कोणत्या वर्षी कुठे गाडी थांबली होती, हे सगळं ऐकावं लागेल, याचा कंटाळा आला होता, हेही खरं. पण साहेबांनी नाही म्हटलं नव्हतं, बाबा. मी विचारलंच नव्हतं.