भागीच्या लग्नाची नोंद

नाना, भागीचं लग्न लागलं होतं हे तुम्हाला मीच येऊन सांगितलं, पण ते मला कसं सापडलं हे धड सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत, आणि पुढे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता मी तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे आले आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, नवं चकचकीत दिसायला लागलंय, तेव्हा म्हटलं दिसतंय तोवर लिहून काढावं. ऐकायला तुम्ही नाही आहात हे ठाऊक आहे. पण तुम्हाला सोडून दुसऱ्या कोणाला सांगितलं तर त्याला त्यात काय कळणार? भागी कोण हे सांगण्यातच निम्मा दिवस जायचा.

सुरुवात झाली ती सावद्याजवळच्या आपल्या गावी, चुलतकाकांच्या घरच्या लग्नात. पंगत बसत होती. तुम्ही, मी आणि काकांची दोन पोरं, आपण सगळे घाऱ्या डोळ्यांचे, एका रांगेत बसलो होतो. वाढणाऱ्यांवर देखरेख करणारा एक म्हातारा काठी दाखवत म्हणाला, "त्या घाऱ्यायले तिकडी बसवा भो. साहेबाची लेकरं हायेत ते." लोक हसले. चेष्टाच होती, कोणी कोणाला उठवलं नाही. पण तुम्ही पानावर कुस्करलेली बट्टी तशीच ठेवून उठलात. मी पंधरा वर्षांची होते आणि मला भयंकर भूक लागली होती, त्यामुळे मला आधी तुमचाच राग आला. बैलगाडीत तुम्ही मला पहिल्यांदा सगळं सांगितलंत. भागी म्हणजे तुमची पणजी. कंपनीच्या राज्यात एक अमेरिकन साहेब तिकडचं कापसाचं बी घेऊन इकडे कापूस लावायला आला होता, त्याच्या शेतात ती वेचणीला जायची. तिला त्याच्यापासून मुलगा झाला. साहेब तापानं मेला, आणि तिच्या भावानं दोघांना घरी आणून पोराला आपलं आडनाव दिलं. "लगन लागलं व्हतं का नुसती ठेवलेली व्हती, इतकंच माले मालूम पाहिजे," तुम्ही म्हणालात. "जातीले माले काही सांगाचं नाही. माले सोताले मालूम पडलं पाहिजे."

तुम्ही जळगावच्या कचेरीत नक्कल कारकून. जुन्या दप्तरातल्या मोडी कागदांच्या नकला करून देणं हे तुमचं काम. तेव्हा शोधायचं कुठे हे तुम्हाला विचारायला कुणाकडे जावं लागणार नव्हतं. पण एकट्यानं होणारं ते काम नव्हतं, म्हणून तुम्ही मला मोडी शिकवायला घेतलंत. मेहरूणच्या आपल्या घरात, चुलीसमोर. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेय, मी पाटीवर अक्षरं गिरवतेय, आणि तुम्ही जेवता जेवता उष्ट्या हातानं लांबूनच चुका दाखवताय. मला पहिलं अक्षर लागलं की पुढचा शब्द मी ठोकून द्यायची. एकदा 'विहीर' होतं तिथे मी 'विठोबा' वाचलं आणि पुढची सगळी ओळ विठोबाच्या देवळाची करून टाकली. तुम्ही पाटी ओढून घेतलीत. "हावऱ्यावानी काहून वाचते? कागद काय पयून चालला?" आई म्हणाली, पोरगी आहे, तिला कशाला हा व्याप. तुम्ही म्हणालात, हिचे डोळे चांगले आहेत. घाऱ्या डोळ्यांना कोणी चांगलं म्हटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या आठवड्यात मी जोडाक्षरं संपवली.

मग धुळे. स्वातंत्र्य मिळून चारेक वर्षं झाली असतील. खानदेशाचे दोन जिल्हे होण्याआधीचं सगळ्यात जुनं दप्तर तिकडे होतं. मे महिन्याच्या सुट्टीत आपण एसटीनं एरंडोल, पारोळा करत निघालो, डोक्याला ओले रुमाल बांधून. दप्तरखान्यात मांडण्यांवर लाल कापडात बांधलेली गाठोडी छतापर्यंत. दप्तरदार तुमच्या ओळखीचे, त्यांनी आपल्याला खिडकीशी सतरंजी घालून दिली. एकेक गाठोडं सोडलं की धुरळा असा उडतो की आपण दोघं शिंकत सुटतो. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मांडीवरच्या कागदात 'अमेरिकन साहेब' हे शब्द समोर येतात आणि मी किंचाळते. दप्तरखान्यात किंचाळतं का कोणी! दोन कारकून धावत येतात, त्यांना वाटतं विंचू चावला. तुम्ही कागद हातात घेता आणि एक एक शब्द मोठ्यानं वाचता. कापूस लावणेस साहेबास दिली जमीन, तिच्या चतुःसीमा, बांधावर आंब्याची झाडं, आत विहीर. तो खरंच होता, नाना! आपल्या घरातली दंतकथा नव्हती ती. त्याला जमीन होती, त्या जमिनीला शेजारी होते, आणि त्या शेजाऱ्यांची आडनावं आजही गावात आहेत. तुम्ही दप्तरदारांसकट सगळ्यांना चहा पाजलात.

त्या शेताचे पुढचे कागदही आपण त्याच सुट्टीत काढले. साहेब वारल्यावर जमीन सरकारजमा झाली. विहीर मात्र चालू राहिली, तिच्या मोटेच्या पाळ्या लावून दिल्या, आणि त्यात एक ओळ होती की एक पाळी मार्था बाई इजकडे, म्हणजे हिच्याकडे, चालवावी. तुम्ही म्हणालात, "ही कोनी साहेबाची आया असीन," आणि पान उलटलंत. मीसुद्धा मान हलवली. शेताबद्दलचं जे जे असेल ते उतरवायचं असा तुमचा दंडक, म्हणून तेवढी ओळ माझ्या वहीत आली. आपण शोधत होतो भागीला. भागी, भागू, भागीरथी, भागाबाई. तीन वर्षं सुट्ट्यांमागून सुट्ट्या तिच्यासाठी घातल्या. भागी नावाच्या छप्पन्न बाया निघाल्या, आपली एकही नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, नसेल लागलं लग्न. लागलं असतं तर कुठेतरी उमटलं असतं. तुम्ही हे इतक्या साधेपणानं म्हणालात की मला रडू आलं, आणि तुम्ही वही बांधून फळीवर ठेवून दिलीत.

पुढे माझं लग्न झालं, ते धुळ्यातच दिलंत मला. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजवल्या. त्या नावाची मला सवयच होईना. लग्नानंतर दोन महिन्यांची गोष्ट. मी ओसरीत चाळण घेऊन ज्वारी चाळत होते. सासूबाई आतून हाका मारत होत्या आणि मला वाटत होतं शेजारच्या कोणाला तरी बोलावतायत. शेवटी त्या बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून. "अवं, मी कव्हयनी हाका मारस तुले! बहिरी शे का काय? नवं नाव शे ना तुन्हं आते!"

नाना, चाळण माझ्या हातातून पडली. सगळी ज्वारी ओसरीभर. भागीचं लग्न झालं असेल तर ती भागी राहिलीच कशी असेल? लग्न झालेल्या कुठल्या बाईचं माहेरचं नाव राहतं? आपण तीन वर्षं तिला माहेरच्या नावानं शोधत होतो! तुम्ही पुरुषमाणूस, जन्मल्यापासून एकाच नावाचे, तुम्हाला ते सुचलं नाही. पण मी, आई, काकू, घरातल्या साऱ्या बायका दोन-दोन नावांच्या, आम्हालाही सुचू नये? भागी भावाच्या घरी परत आली म्हणून भाऊ तिला भागीच म्हणत राहिला, आणि आपल्यापर्यंत तेच नाव आलं. विहिरीच्या पाळीतली ती मार्था! मी ज्वारी तुडवत आत पळाले आणि ट्रंकेतून वही काढली. येताना मी ती फळीवरून न विचारता उचलून आणली होती.

मार्था हे ख्रिस्ती नाव, म्हणजे लग्न लागलं असेल तर ते चर्चच्या वहीत असणार. सासूबाईंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नव्या सुनेनं चर्चमध्ये जायचं म्हणजे गंमत आहे का? आणि सांगायचं काय, तर आमच्या घरात असं असं बोललं जातं. त्या ज्वारी भरत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बठ्ठं सांग. काही दपाडू नको." मी काही न लपवता सगळं सांगितलं. मला वाटलं आता मला जळगावची गाडी दाखवतात. मग त्या म्हणाल्या, "मन्हं माहेरनं नाव चंपा व्हतं. आते कोन्हीले याद नही." आणि सुपातले खडे निवडता निवडता, "चर्चमा एकली जाऊ नको. मी येस संगे."

धुळ्याच्या त्या जुन्या चर्चमध्ये पाद्रीबाबा नगरकडचे होते, म्हातारे, फार सज्जन. त्यांनी सांगितलं की त्या काळी पाद्री दौऱ्यावर फिरत असे आणि वहीही त्याच्याबरोबर फिरत असे, त्यामुळे गावोगावचं एकाच वहीत आहे. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी ती काढली. इंग्रजी अक्षर लांबट, तिरकं. दप्तरातून साहेबाच्या मृत्यूचं वर्ष मला माहीत होतं, त्याच्या दहा वर्षं आधीपासून मी पुढे पुढे येऊ लागले. सासूबाई पदर घट्ट ओढून बाकाच्या अगदी टोकावर बसलेल्या, आणि दर दोन मिनिटांनी, "सापडनी का वं ती?"

सापडली! नवऱ्याचं नाव आपल्या साहेबाचं, देश अमेरिका, धंदा कापूस. नवरीच्या रकान्यात मार्था, आणि खाली बारीक अक्षरात 'पूर्वीची भागी'. सहीच्या जागी त्याची वेडीवाकडी सही, आणि तिच्या सहीच्या जागी एक लहानसं वर्तुळ. पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, शाई सांडली असेल." मी म्हटलं, "नाही हो, शाई नाही. ती बांगडी आहे." मोडी कागदांत पाहिलेल्या किती निशाण्या! शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी. तिला दौतीत बोरू बुडवून दिला असेल आणि सही कर म्हटलं असेल, आणि तिनं आपल्या मुलखाची रीत होती तशी बांगडी काढली. गोऱ्या पाद्र्याला काय कळणार! पण मला कळली, शंभर वर्षांनी, आणि मी त्या बाकावर बसून हसत होते आणि रडत होते. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून साखर काढून माझ्या तोंडात घातली. चर्चमध्ये!

दुसऱ्याच दिवशी मी नक्कल घेऊन जळगावला आले. तुम्ही परसात होतात. मी काही बोलायच्या आत तुम्ही कागद घेतलात, वाचलात, आणि त्या वर्तुळावर बोट ठेवून म्हणालात, "बांगडी काढली माह्या पणजीनं." आईला हाक मारलीत. शेजाऱ्यांना हाक मारलीत. मला बस म्हणालात आणि स्वतः उभेच राहिलात, इकडून तिकडे येरझारा घालत. तुम्हाला इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्या संध्याकाळी तुम्ही तुमचं कचेरीतलं भिंग मला देऊन टाकलंत, चांदीच्या कडीचं. मी नको नको म्हणत होते. पुढच्या लग्नसराईत तुम्ही गावी गेलात आणि पंगतीत अगदी मधोमध बसलात असं काका सांगत होते. कोणाला काही बोलला नाहीत म्हणे, नुसते पोटभर जेवलात.

यातलं निम्मं तुम्हाला माहीत असलेलंच मी पुन्हा सांगत बसले आहे, कारण पुढचं लिहायला हात होत नाही. चर्चमध्ये त्या पानाची नक्कल करताना मी तारखेचा रकाना सोडला. तुम्ही खुशीत होतात, तुमच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, कोण जाणे. पण परसात येरझारा घालता घालता तुम्ही मध्येच थांबलात आणि मला विचारलंत, "किती वरीसं संसार झाला असीन गं त्यायचा?" मी म्हटलं, "झाली असतील सात-आठ वर्षं." तुम्ही बोटांवर मोजून पाहिलंत आणि म्हणालात, बरी झाली म्हणायची त्या काळाच्या मानानं.

मी पुढचं पान उलटलं होतं, नाना. तिथे त्याच्या दफनाची नोंद होती. त्यानं तापात पडल्या पडल्या पाद्र्याला बोलावून घेतलं, लग्न लावलं, त्याच दिवशी तीन वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा करवला, आणि मग तो गेला. मला भीती वाटली की हे कळलं तर तुम्ही म्हणाल, म्हणजे तोवर ठेवलेलीच होती. आज मला वाटतं तुम्ही तसं म्हटलं नसतंत. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तुम्ही इतके आनंदात होतात. हे कागद मी वहीतच ठेवून देणार आहे, त्या ओळीपाशी.

सात-आठ वर्षं नव्हती, नाना. चार दिवस होते.