घळीत हरवलेले बाळासो

२ फेब्रुवारी, रविवार
आमच्या शिवांजलीनं आज चहाच्या वेळी लग्नाचा विषय काढला. मुलगा तिनंच पसंत केलाय. नाव बसवेश. आजऱ्याच्या पलीकडच्या वाडीतला. आपल्यातलाच. घरचा काजूचा कारखाना. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. दुसरा कपही मागवला.

मग कळलं की मुलगा कारखान्यात बसत नाही. लोकांना घळीतून फिरवतो. घळ म्हणजे दोन डोंगरांमधली फट. लोक तिच्यात सकाळी शिरतात, संध्याकाळी बाहेर पडतात आणि वर याला पैसे देतात. मी विचारलं, आत बघायला काय आहे? ती म्हणाली, दगड आणि पाणी. दगड आणि पाणी पंचगंगेतही आहे, फुकट आहे.

ही म्हणाली, आधी मुलगा बघा, मग काय ते बोला. बघणारच आहे. कसबा बावड्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस आणि पत्रा मी वाजवून बघितल्याशिवाय घेत नाही.

३ फेब्रुवारी
प्लॅन तयार. रीतसर बघायला गेलो तर मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून खाली मान घालून बसणार. त्यातून काय कळतं? गडी कामावर असताना बघायला हवा. म्हणून गिऱ्हाईक बनून घळीत जायचं. सोबत कृष्णात. त्याची पिठाची गिरणी माझ्या दुकानाला लागून आहे आणि तो कुठंही यायला तयार असतो.

बुकिंग त्याच्या मोबाइलवरून केलं. माझं नाव बाळासो असं लावलं. आपल्याकडं बाळासो म्हणून हाक मारली तर निम्मा रस्ता मागं वळून बघतो, त्यामुळं संशयाला जागा नाही. घरी सांगितलं की सोळा तारखेला गडमुडशिंगीला एका शेडचं माप घ्यायला जायचंय. ही म्हणाली, जावा की. संशय शून्य.

५ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून सराव. रोज राजाराम बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊन चालत यायचं. आज गेलो. येताना रिक्षा मिळाली.

६ फेब्रुवारी
पायात गोळे. विश्रांती हाही सरावाचाच भाग असतो.

९ फेब्रुवारी
वातावरण ढगाळ. चालणं रद्द. कृष्णात म्हणाला, घळीत पोहावं लागतं म्हणे काही ठिकाणी. मी त्याला आठवण करून दिली की लहानपणी मी पंचगंगा आरपार पोहून जायचो. तो म्हणाला, तेव्हा तुमचं वजन किती होतं? विषय बदलला.

१३ फेब्रुवारी
बूट घेतले. दुकानदार म्हणाला, काका, चार दिवस घरात घालून सवय करा. घरात घातले तर हिला कळेल. बूट दुकानात सिमेंटच्या पोत्यामागं ठेवलेत. चांगला बूट पहिल्या दिवसापासून चांगलाच असतो.

१६ फेब्रुवारी, रविवार, पहाटे
निघतोय. तब्येत ठणठणीत. मुलाच्या चुका टिपून ठेवायच्या आणि संध्याकाळी निकाल द्यायचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घरी पोचलो. पेन धरवत नाही. उद्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दुकान बंद. हिला सांगितलं, शेडच्या शिडीवरून घसरलो. आता पडल्या पडल्या सविस्तर लिहितो.

मुलगा दिसायला बरा. उंच, सावळा, गळ्यात शिट्टी. सुरुवातीला त्यानं नियम सांगितला: शिट्टी वाजली की थांबायचं, आणि नाव घेतलं की हात वर करायचा. मी मनात त्याला एक गुण दिला. शिस्त आहे.

पहिलं डबकं कमरेपर्यंत. पाणी बर्फासारखं. पलीकडं निघाल्यावर शिट्टी वाजली, हजेरी सुरू झाली. सगळ्यांचे हात वर गेले, फक्त बाळासो नावाच्या कुणा गृहस्थाचा पत्ता नाही. बसवेशनं पुन्हा हाक मारली. पुन्हा नाही. माझ्या शेजारी प्रियदर्शनी म्हणून एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना मी म्हटलं, असली माणसं यायचीच कशाला, एकामुळं सगळ्यांचा खोळंबा. दोन पोरं परत पाण्यात उतरून शोधायला गेली. मीही मदत केली. माझा आवाज सगळ्यात मोठा. 'बाळासोऽ' अशी हाक दिली की दोन्ही कड्यांवरून परत यायची. बसवेशलाही बाजूला घेऊन चार शब्द सुनावले, की म्होरक्यानं एकेका माणसावर लक्ष ठेवायला नको का, उद्या कोण वाहून गेलं तर जबाबदार कोण? पोराचा चेहरा पांढरा पडलेला.

कृष्णात मागं बुटातलं पाणी काढत बसला होता. तो आला आणि माझ्या कानाशी लागला.

"आप्पा, बाळासो तुम्हीच की."

मी गडबडलो नाही. पण मी काही बोलायच्या आत कृष्णातनंच सगळ्यांना सांगून टाकलं की काकांना कमी ऐकू येतं. तिथून पुढं दिवसभर जो तो माझ्या कानाजवळ तोंड आणून ओरडत होता. डॉक्टरीणबाईंनी कोल्हापूरच्या एका कानाच्या डॉक्टरचा नंबर दिला. तरी एका अर्थी बरंच झालं, कारण बहिऱ्यासमोर लोक मोकळेपणानं बोलतात. पण कुणी काही कामाचं बोललं नाही.

पुढं घळ अरुंद होत गेली. दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडे हाताला लागावेत इतकी. वर आभाळाची नुसती पट्टी. खाली गार सावली, आणि एका ठिकाणी उन्हाची तिरीप पाण्यावर पडून अख्खा कडा हलल्यासारखा दिसत होता. सगळे थांबले. मीही थांबून बघत राहिलो. छान होतं. हे लिहायला नको होतं, पण आता लिहिलं.

दुपारी घळ मध्येच उघडते, तिथं वाडी आहे. एका घरी जेवण. चुलीवरची भाकरी, उसळ, लसणाची चटणी, ताक. वाढायला एक म्हातारी, तिला सगळे अव्वा म्हणत होते. माझा शर्ट ओला, गळ्यातलं लिंग बाहेर आलेलं. तिनं ते बघितलं आणि कानाशी ओरडून विचारलं,

"पावणं, आपल्यातलंच दिसताय की. कुठलं म्हणायचं?"

इथं माझ्या हातून एक बारीकशी गोष्ट घडली. कुणी गाव विचारलं आणि आपण सांगितलं नाही, असं मला आयुष्यात जमलेलं नाही. आणि गाव सांगितलं की पाहुणे सांगावेच लागतात, नाहीतर समोरच्याला आपण उडवून लावल्यासारखं होतं. मी बावडा सांगितलं. मग दुकान सांगितलं. मग हिचं माहेर गडहिंग्लज, मग धाकटा भाऊ, त्याची सासुरवाडी. अव्वाही हुशार, प्रत्येक नावाला ओळख काढत होती. शेवटी तिनं विचारलं, मुलंबाळं काय? मी म्हटलं, एकच मुलगी, शिवांजली. तिच्यासाठी स्थळांची रांग लागलीय. त्यात इकडच्याच एका पोराचं आलंय, चांगला कारखाना सोडून लोकांना दगडधोंड्यांतून हिंडवतो, हा काय धंदा झाला, असल्या रिकामटेकड्याला मी पोरगी देणार नाही.

बसवेश माझ्यामागं ताकाची किटली घेऊन उभा होता. अव्वा म्हणाली,

"आनि एक भाकरी घ्या. जेवताना न्हाय म्हणू नगा."

घेतली. नंतर ती म्हणाली, पुढची वाट अवघड आहे, तुम्ही इथंच पडा, गाडीनं पोचवते. मी ऐकून घेणाऱ्यातला नाही. कोल्हापूरचा माणूस अर्ध्यातून माघारी फिरत नाही, असं सगळ्यांदेखत सांगून उठलो.

पुढं एका कड्यावरून दोराला धरून उतरायचं होतं. मी अर्ध्यावर थांबलो. अडकलो नव्हतो, विचार करत होतो. बराच वेळ करत होतो. बसवेश खालून वर चढला, स्वतःचा खांदा माझ्या बुटाखाली दिला आणि म्हणाला, "बाळासो काका, पाय हितं ठेवा. घाई न्हाय."

यावरून पोराची अक्कल कळली. जेवताना मी गाव, दुकान, मुलीचं नाव, सगळं सांगितलं, तरी हा दिवसभर बाळासो काकाच म्हणत राहिला. साधी ओळख पटली नाही याला. व्यवहारात कच्चा.

परत येताना गाडीत कृष्णात म्हणाला, ती म्हातारी बसवेशची आजी. मला माहीत होतं. म्हणूनच बोललो. असल्या गोष्टी तोंडावर बोललेल्या बऱ्या.

त्याच दिवशी, दुपारी
निकाल जाहीर केला. स्थळ नामंजूर. शिवांजलीनं कारण विचारलं नाही. फक्त म्हणाली, आप्पा, गुडघ्याला काय लावलंय का? मी म्हटलं, शिडीचं लागलंय. ती म्हणाली, व्हय, दिसतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आजऱ्याहून मुलाच्या काकाचा फोन. मी घसा साफ करून नकार सांगणार, तेवढ्यात तेच म्हणाले की आमच्याकडून हे स्थळ थांबवतोय, अव्वांची इच्छा नाही.

त्यांनी नकार दिला! त्यांनी! माझ्या पोरीला! शिकलेली, ऑफिसात दहा जणांचं काम एकटी ओढणारी, घरात आली की घर भरून जातं अशी मुलगी, आणि यांची इच्छा नाही? नकार मी देणार होतो. माझा नकार तयार होता.

२० फेब्रुवारी
शिवांजलीला मोठा धक्का बसलाय. आज दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. दुःखात माणूस जेवणावर तुटून पडतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात गुणगुणत होती, म्हणजे आतून पार खचलीय. हिला म्हटलं, तिच्याकडं लक्ष ठेव. ही म्हणाली, तुम्हीच ठेवा.

२१ फेब्रुवारी
दुकानात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाला खिळ्यांऐवजी बिजागऱ्या दिल्या. मी जेवताना तोंड आवरलं असतं तर पोरीचं जमलं असतं, असा विचार सारखा येतो. पोरगाही काही वाईट नव्हता. खांदा हलला नाही त्याचा. माझं वजन काय कमी आहे का. घर सोडून ती गेली तर संध्याकाळी चहा कुणाबरोबर प्यायचा, खरं तर तेवढ्यासाठीच मी खोट काढायला गेलो होतो. हे पान फाडावं लागेल.

२२ फेब्रुवारी
ठरलं. उद्या जातोय. जाब विचारायला, विनवायला नाही. आमच्या घरात तुम्हाला काय कमी दिसलं, एवढाच सवाल. भाषण पाठ केलंय. कृष्णातला ऐकवलं. तो म्हणाला, दमदार हाय.

२३ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
गेलो. अव्वा ओसरीवर सुपात काजू निवडत बसली होती. बसवेश लोकांना घेऊन घळीत गेलेला. मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि भाषणाचा पहिला शब्दच आठवेना. हात आपोआप जोडले गेले. तोंडातून निघालं, "अव्वा, माझ्या तोंडाची शिक्षा माझ्या पोरीला देऊ नका."

अव्वानं सूप खाली ठेवलं. आत बघून कुणाला तरी पेढे आणायला सांगितलं. मग म्हणाली,

"तुमच्या लेकीनं फोन केलता. म्हणाली, अव्वा, तुम्ही व्हय म्हणालात तर आप्पा वरीसभर खोड्या काढत बसतील. न्हाय म्हणा. आठवड्याच्या आत हात जोडून दारात उभं ऱ्हातील."

हात जोडलेलेच होते. ते खाली घेतले.

साखरपुड्याची तारीख त्यांनी आधीच काढून ठेवली होती. हिला विचारून. मी ती मंजूर केली, म्हणजे शेवटचा शब्द माझाच. अव्वानं काजूची पिशवी दिली आणि गाल कुरवाळून म्हणाली, पोरगी लई जीव लावते तुम्हाला. मी पिशवी काखेत मारून निघालो.

गाडीत बसल्यावर मात्र डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेना. कृष्णातला म्हटलं, इथं काजू भाजतात ना, त्याचा धूर लागला डोळ्याला. कृष्णात म्हणाला, आज रविवार हाय आप्पा, कारखाना बंद हाय. मी म्हटलं, कालचा असेल.